तुमचे प्रश्न: युरेनसकडे जरा नीट बघूया

मागच्या अंकात शनीच्या कड्यांवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले पण गंमत म्हणजे त्यातले निम्मे प्रश्न शनीच्या पलीकडच्या ग्रहाबद्दल निघाले. युरेनस. मला मनापासून आनंद झाला कारण या ग्रहाबद्दल कोणी आपणहून विचारत नाही, शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते आणि संपलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

पत्रिकेत जो हर्षल लिहितात तो म्हणजे युरेनसच का? माझ्या मुलीच्या पत्रिकेत तो सप्तम स्थानात आहे म्हणून एक चांगलं स्थळ परत गेलं. असा काही परिणाम खरंच होतो का? (एक आई, सातारा)

हो ताई, तोच. विल्यम हर्शेलने शोधला म्हणून बरीच वर्षं त्याचंच नाव ग्रहाला चालत होतं, आपल्याकडे ते हर्षल म्हणून राहिलं.

परिणामाचं म्हणाल तर नाही होत. आणि हे मी जरा ठासून सांगतो कारण इथे एका मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. पारंपरिक नवग्रहांत हर्षल नाहीच, सूर्य चंद्र मंगळ बुध गुरु शुक्र शनी राहू केतू, झाले नऊ. १७८१ च्या आधी जगात कोणाच्याही पत्रिकेत तो नव्हता आणि तरी लग्नं जमत होती, मोडत होती, सुखाचीही होत होती. दुसरं असं बघा, पत्रिकेची बारा स्थानं रोज आकाशाबरोबर फिरत असतात, त्यामुळे दिवसातले साधारण दोन तास हर्षल सप्तमात असतोच, म्हणजे जगातल्या दर बारा माणसांमागे अंदाजे एकाच्या पत्रिकेत तो तिथेच असणार. त्या सगळ्यांचे संसार एकसारखे असतात का? तो ग्रह आपल्यापासून अडीचशे कोटी किलोमीटरपेक्षाही लांब आहे. मुलीला सांगा, तिच्यात काहीही कमी नाही.

युरेनस नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो असं वाचलं. मग हजारो वर्षं आकाश बघणाऱ्या लोकांना तो सापडला कसा नाही? (कॉलेज विद्यार्थी, नागपूर)

दिसतो, पण जेमतेम. अगदी काळोख्या आकाशात, चांगल्या नजरेला, आणि कुठे बघायचं ते आधी माहीत असेल तर. तेवढ्या तेजाचे तारे आकाशात हजारो आहेत, त्यातला एक ग्रह आहे हे कळायला तो सरकताना दिसला पाहिजे आणि हा इतका सावकाश सरकतो की एका राशीत सात सात वर्षं राहतो.

आणि खरं तर तो सापडला नव्हता असं नाही, बघितला अनेकांनी होता, ओळखला कोणी नव्हता. इंग्लंडचे फ्लॅमस्टीड यांनी १६९० च्या डिसेंबरमध्ये त्याची नोंद केली पण तारा म्हणून, ३४ टॉरी असा नंबर देऊन वृषभेच्या यादीत टाकून दिला. फ्रान्सच्या लमोनिए यांनी तर १७५० ते १७६९ च्या दरम्यान तो बाराएक वेळा नोंदला, तरीही तारा समजूनच.

हर्शेल हा मुळात संगीतकार, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, इंग्लंडमध्ये बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. दुर्बिणीचे आरसे घरीच तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचे ओतायचा, तासन्‌तास हाताने घासायचा, काम मध्येच सोडता येत नाही म्हणून बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. (या कॅरोलिनने पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले, तिच्यावर वेगळा लेख लिहायचाय.) १३ मार्च १७८१ ला रात्री दहा अकराच्या दरम्यान तो घराच्या मागच्या बागेतून सात फुटी दुर्बिणीने तारे तपासत होता तेव्हा त्याला एक ठिपका वेगळा वाटला. त्याने काय केलं तर आयपीस बदलला. २२७ पट होती ती क्षमता ४६० केली, मग ९३२. ताऱ्याचं असं असतं की कितीही मोठं करा तो ठिपकाच राहतो, पण हा ठिपका क्षमतेच्या प्रमाणात मोठा होत गेला, म्हणजे त्याला तबकडी होती. बाकीच्यांची नजर काही कमी नव्हती, पण दुर्बीण याची जास्त चांगली होती आणि शंका आल्यावर ती तिथल्या तिथे तपासून बघायची सवय होती. सुरुवातीला त्यालाही तो धूमकेतू वाटला, पुढे लेक्सेल वगैरे गणितज्ञांनी कक्षा काढली तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार निघाली, शनीच्या दुप्पट अंतरावर. एका रात्रीत सूर्यमाला दुप्पट मोठी झाली म्हणा ना.

राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने ग्रहाचं नाव ठेवायची हर्शेलची इच्छा होती, ते इंग्लंडबाहेर कोणाला पटलं नाही, शेवटी बोडे यांनी सुचवलेलं युरेनस टिकलं. १७८९ ला क्लापरोथ यांना नवं मूलद्रव्य सापडलं त्याचं युरेनियम हे नाव या ग्रहावरूनच आलंय.

युरेनस वायूचा गोळा आहे ना? मग त्यावर यान उतरेल का, माणूस उभा राहील का? (सातवीतला मुलगा, चिपळूण)

नाही रे, उभं राहायला जमीनच नाहीये. वरून खाली जात राहिलास तर आधी हायड्रोजन आणि हेलियमची हवा, थोडा मिथेन, मग ढग, मग हळूहळू ती हवाच दाट दाट होत जाते आणि कधी द्रवासारखी झाली ते कळणारही नाही. वजन मात्र फार बदलणार नाही, इथे ६० किलो भरत असशील तर तिथे ढगांच्या पातळीला साधारण ५४. ग्रह पृथ्वीच्या साडेचौदा पट वजनदार आहे पण व्यासही चौपट आहे त्यामुळे असं होतं.

मोठ्यांसाठी एक गोष्ट: पुस्तकात चारही मोठे ग्रह एका पंगतीत वायूचे म्हणून बसवलेले असतात पण शास्त्रज्ञ आता युरेनस आणि नेपच्यूनला वेगळं काढतात, बर्फाळ महाकाय म्हणतात. गुरूमध्ये बहुतेक सगळा हायड्रोजन हेलियमच आहे, युरेनसमध्ये तो वरचा थर सोडला तर आत मुख्यतः पाणी, अमोनिया आणि मिथेन आहे. बर्फ म्हटलं तरी फ्रीजमधला बर्फ डोळ्यासमोर आणू नका, आत हजारो अंश तापमान आणि प्रचंड दाब आहे, तो एक गरम घट्ट द्रव आहे.

युरेनस आडवा पडलाय म्हणतात म्हणजे नेमकं काय? त्याचे ऋतू कसे असतात? (शिक्षिका, जालना)

बाई, हा प्रश्न वर्गात जरूर घ्या, मुलांना फार आवडतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, युरेनसचा ९८ अंश. म्हणजे तो सूर्याभोवती जवळजवळ लोळत जातो. स्वतःभोवतीची फेरी सव्वासतरा तासांत होते पण सूर्याभोवतीची फेरी पूर्ण व्हायला ८४ वर्षं लागतात. आपल्याकडे आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात होतं ना, तेवढं आयुष्य जगलेल्या माणसानेही युरेनसचं एक वर्ष पूर्ण बघितलेलं नसतं.

आता या दोन गोष्टी एकत्र करा. ध्रुवावर सूर्य उगवला की ४२ वर्षं मावळत नाही आणि मावळला की ४२ वर्षं उगवत नाही. १९८६ च्या सुमाराला दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता, उत्तरेला मिट्ट काळोख. २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला आणि उत्तर ध्रुवावर उजाडलं, आता तिकडचा उन्हाळा २०३० च्या सुमाराला भरात येईल आणि मग सूर्य मावळेल तो २०५० च्या आसपास. उन्हाळा म्हणजे नावालाच हो, सूर्यप्रकाश इथल्यापेक्षा साधारण ३७० पटींनी कमी आणि वातावरणात उणे २२४ अंशांपर्यंत तापमान मोजलं गेलंय, कुठल्याही ग्रहाच्या हवेत मोजलेलं सगळ्यात कमी. नेपच्यून त्याच्याहून लांब असून इतका गार नाही कारण तो आतून बरीच उष्णता बाहेर टाकतो, युरेनस फार थोडी टाकतो. ही थोडी उष्णता आहे हेसुद्धा आता आता, २०२५ च्या अभ्यासांत नीट दिसलं, त्याआधी जवळजवळ शून्यच धरत होते.

आडवा का झाला, तर लहानपणी पृथ्वीएवढं किंवा त्याहून मोठं काहीतरी येऊन धडकलं असावं असं बहुतेकांचं मत आहे. पण धडक बसली तर चंद्र आणि कडी सगळी त्याच्या विषुववृत्तात, म्हणजे तीही आडवी, कशी काय जमली हे जुळवताना अजून डोकेफोड चालू आहे.

युरेनसलाही कडी आहेत का? शनीची दिसतात मग याची का नाही? (पनवेल, आणि याच अर्थाची आणखी बरीच पत्रं)

आहेत, तेरा माहीत आहेत. अतिशय काळी आणि बारीक, बहुतेक तर फक्त काही किलोमीटर रुंद, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून दिसणं शक्य नाही. पण ती सापडली कशी ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही कारण त्यात आपलीही माणसं आहेत.

१० मार्च १९७७. त्या दिवशी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. असं झालं की तारा कसा झाकला जातो त्यावरून ग्रहाचा आकार आणि वातावरण कळतं, म्हणून बऱ्याच जणांनी तयारी केली होती. जेम्स इलियट, टेड डनहॅम आणि डग्लस मिंक हे अमेरिकन शास्त्रज्ञ नासाच्या एका विमानात होते, या विमानाच्या बाजूला खिडकी कापून ९१ सेंटीमीटरची दुर्बीण बसवलेली, आणि ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून उडत होते. गणितात थोडी चूक असू शकते म्हणून त्यांनी यंत्रं बरीच आधीपासून चालू ठेवली. आणि ग्रह ताऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच तारा क्षणभर मंद झाला. परत उजळला. परत मंद. असं पाच वेळा झालं, ग्रह पुढे निघून गेल्यावर दुसऱ्या बाजूलाही पुन्हा तसंच झालं. दोन्ही बाजूंची अंतरं जुळली तेव्हा ही कडीच आहेत हे पक्कं झालं.

त्याच रात्री तमिळनाडूत कवलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीवर तोच तारा बघत होते आणि त्यांच्या नोंदीतही तारा काही सेकंद मंदावलेला सापडला. ऑस्ट्रेलियात पर्थहूनही वेध घेतले गेले. म्हणजे शनीच्या कड्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी सूर्यमालेत दुसरी कडी सापडली त्या रात्री जगातल्या मोजक्या ठिकाणांत एक आपलं होतं. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसते याचं मला फार वाईट वाटतं. कवलूरच्या त्या वेधशाळेला आता वेणू बाप्पू यांचं नाव आहे.

कडी बघायचीच असतील तर जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये काढलेले फोटो नेटवर शोधा, अवरक्त प्रकाशात ती छान उजळ दिसतात.

तिथे हिऱ्यांचा पाऊस पडतो हे खरं आहे का? व्हॉट्सॲपवर आलं होतं. (सराफी व्यवसाय, जळगाव)

पडत असावा, पण कोणी बघितलेला नाही. कल्पना अशी की आत खोलवर प्रचंड दाबाखाली मिथेनमधला कार्बन सुटा होतो आणि त्याचे हिरे होऊन खाली बुडत जातात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो तेच प्लास्टिक, त्यावर जबरदस्त लेझर मारून हवेच्या दाबाच्या जवळपास १५ लाख पट दाब निर्माण केला तर खरंच अतिसूक्ष्म हिरे तयार झालेले दिसले. तिथवर पुरावा आहे, त्यापुढचं अनुमान. आणायला जायचा विचार मात्र सोडून द्या, हजारो किलोमीटर आत आहेत ते.

युरेनसचा रंग नेमका कोणता? आणि वास कुजक्या अंड्यांसारखा येतो हे खरं का? (बहीण-भाऊ, कोल्हापूर)

फिकट हिरवट निळा. मिथेन तांबडा प्रकाश शोषतो म्हणून. नेपच्यून गडद निळा दिसतो असं आपण लहानपणापासून बघत आलो पण तो फोटो मुद्दाम रंग वाढवलेला होता, २०२४ च्या अभ्यासात दोघांचे रंग बरेचसे सारखे निघाले, नेपच्यून जरासाच जास्त निळा.

वासाचं खरं आहे. २०१८ मध्ये हवाईच्या जेमिनी दुर्बिणीने ढगांच्या वर हायड्रोजन सल्फाइड पकडला, कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच असतो.

इतका इंटरेस्टिंग ग्रह आहे तर तिकडे यानं का पाठवत नाहीत? मंगळावर किती गेली. (इंजिनिअर, पिंपरी)

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच.

आजपर्यंत एकच यान गेलंय, व्हॉयेजर २. ऑगस्ट १९७७ ला निघालं, २४ जानेवारी १९८६ ला युरेनसच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेलं आणि थांबलं नाही, थांबण्यासारखं इंधनच नव्हतं. ग्रह आडवा असल्याने चंद्रांच्या कक्षा यानाला नेमबाजीच्या टार्गेटसारख्या समोर उभ्या दिसत होत्या आणि यान त्यातून आरपार गेलं, म्हणजे एकेका चंद्राला निवांत गाठायची सोय नाही, सगळा महत्त्वाचा भाग काही तासांत आटपला.

आता अडचणी बघा. कॅमेरा ज्या फिरत्या मंचावर होता तो १९८१ ला शनीजवळ अडकला होता. उजेड इतका कमी की फोटोला जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार आणि यान तर सुसाट पळतंय, म्हणजे फोटो हलणार. मग इंजिनिअर लोकांनी अख्खं यानच हळूहळू वळवत ठेवायचं ठरवलं, जेणेकरून चंद्र कॅमेऱ्यासमोर स्थिर राहील. वाटेत असतानाच कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बदलले, चित्रं कॉम्प्रेस करून पाठवायची सोय केली. कमांड पोचायला पावणेतीन तास, उत्तर यायला पावणेतीन तास. मिरांडा नावाचा जेमतेम ४७० किलोमीटरचा चंद्र आहे, त्याचे फोटो स्पष्ट आले ते या कामामुळे. त्यावर एक कडा दिसला, व्हेरोना रुपेस, अंदाजे २० किलोमीटर उंच, एव्हरेस्टच्या दुपटीहून जास्त. तिथे गुरुत्वाकर्षण इतकं कमी की वरून दगड सोडला तर तळाला पोचायला बाराएक मिनिटं लागतील.

त्या भेटीत दहा नवे चंद्र आणि दोन कडी सापडली, चुंबकीय क्षेत्र साठेक अंश तिरकं आणि केंद्रापासून बाजूला सरकलेलं निघालं. पण ग्रह स्वतः फोटोत अगदी सपाट दिसला, पट्टे नाहीत वादळं नाहीत, आणि तो कंटाळवाणा आहे असा शिक्का बसला. चारच दिवसांनी, २८ जानेवारीला, चॅलेंजर शटलचा अपघात झाला, सात जण गेले आणि साहजिकच युरेनस सगळ्यांच्या मनातून मागे पडला.

पुढे काय झालं? ऋतू बदलला तसे हबल आणि मोठ्या दुर्बिणींना तिथे ढग आणि वादळं दिसायला लागली. आणि २०२४ मध्ये व्हॉयेजरचा जुना डेटा परत तपासल्यावर कळलं की यान पोचायच्या जरा आधीच सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, मोठा झोत येऊन ग्रहाचं चुंबकीय आवरण दाबलं गेलं होतं, अशी अवस्था तिथे सुमारे ४ टक्के वेळच असते. म्हणजे आपण युरेनसचं जे चुंबकीय वागणं नेहमीचं समजून अडतीस वर्षं शिकवत होतो ते त्याचं नेहमीचं वागणं नव्हतंच. चंद्रांचे उत्तरेकडचे अर्धे भाग काळोखात होते, ते तर कोणी बघितलेलेच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वेबच्या फोटोंत आणखी एक चंद्र सापडल्याचं जाहीर झालं, दहाएक किलोमीटरचा, आता मोजणी २९ वर आहे.

एका धावत्या भेटीवर आपण एका अख्ख्या ग्रहाबद्दल मत बनवलं, आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती जे हजारो ग्रह सापडतायत त्यात युरेनस-नेपच्यूनच्या आकाराच्या आसपासचे खूप आहेत, त्यांना समजून घ्यायचं तर घरचा नमुना आधी नीट बघायला नको का? २०२२ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पुढच्या मोठ्या मोहिमांत युरेनसला पहिला नंबर दिलाय, भोवती फिरणारं यान आणि वातावरणात सोडायचं एक छोटं यंत्र अशी योजना. निघाल्यावर पोचायला बारा तेरा वर्षं लागतील. पण मंजुरी आणि पैसा अजून नाही, आणि म्हणून मंगळाशी तुलना केली तर हा ग्रह मागेच राहतो. लांब अंतर, लांब वेळ, निवृत्त होईपर्यंत डेटा येणार नाही असं काम कोण हातात घेणार हाही प्रश्न आहेच.

घरी साधी दुर्बीण आहे. युरेनस बघता येईल का? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

येईल काका, आणि ही चांगली संधी आहे. सध्या काही वर्षं तो वृषभेत आहे, कृत्तिकेच्या परिसरातून रोहिणीच्या दिशेने हळूहळू सरकतोय. नोव्हेंबर डिसेंबरमध्ये रात्रभर आकाशात असतो. स्टेलॅरियम ॲपवर त्या रात्रीची नेमकी जागा बघून घ्या, १०×५० ची साधी बायनॉक्युलर असेल तरी चालेल, पण हात टेकवा, कठड्यावर किंवा ट्रायपॉडवर, नाहीतर सगळे तारे नाचतात. अमावास्येच्या जवळची रात्र घ्या आणि शहरापासून थोडं लांब जा. आसपासच्या ताऱ्यांचा छोटा नकाशा वहीत काढून ठेवा आणि दोन तीन आठवड्यांनी परत तिथेच बघा, जो ठिपका हललेला असेल तोच युरेनस. दुर्बिणीतून शंभर पट मोठं केलंत तर चिमुकली हिरवट तबकडी दिसेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

अजून एक सांगतो, फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये तारा समजून यादीत टाकला होता तेव्हाही तो वृषभेच्या याच भागात होता. त्यानंतर त्याच्या चार फेऱ्या झाल्या आणि तो परत तिथेच येतोय. हर्शेलने पाहिला ती जागा थोडी पुढे, वृषभ आणि मिथुनेच्या सीमेवर, तिथे २०३३ ला पोचेल.

मला मोठेपणी युरेनसवर काम करायचंय. काय शिकू? (नववीतली विद्यार्थिनी, परभणी)

गणित आणि फिजिक्स घट्ट कर, कोडिंग आत्तापासून शिकायला लाग, इंग्रजी वाचायची भीती घालव. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ॲस्ट्रॉनॉमी ऑलिंपियाडची माहिती काढ, नववी दहावीच्या मुलांसाठीही आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत राष्ट्रीय विज्ञान दिनाला दार सगळ्यांना उघडं असतं, बाबांना घेऊन एकदा ये. यान समजा २०३० च्या दशकात निघालं तर पोचेल तेव्हा तू तिशी ओलांडलेली असशील, म्हणजे पीएचडी करून डेटा उघडायला बसायचं अगदी योग्य वय. तुझं पत्र मी जपून ठेवलंय, अभ्यासात कुठे अडलं तर इथेच परत लिही.